महापालिकेचा कोड कुणाच्या हाती?

चंडीगडमध्ये तीन सरकारांचा मुक्काम आहे. पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची ही राजधानी, आणि १ नोव्हेंबर १९६६ पासून हे शहर स्वतः केंद्रशासित प्रदेशही आहे. इथल्या सेक्टर ३५ मध्ये पंजाबचे म्युनिसिपल भवन आहे. पंजाब म्युनिसिपल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कंपनी ही राज्य सरकारची संस्था तिथून काम करते आणि राज्यातल्या दीडशेहून अधिक नगरपालिका-महापालिकांसाठी 'एम-सेवा' ही संगणक प्रणाली चालवते. लुधियाना-अमृतसरसारखी मोठी शहरे आणि ज्यांची नावेही आपल्या कानावर येत नाहीत अशी छोटी गावे घरपट्टी, पाण्याची बिले, व्यवसाय परवाने, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आणि नागरिकांच्या तक्रारी यांसाठी हीच प्रणाली वापरतात. तिचा पाया 'डिजिट' नावाच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. नंदन निलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी २००३ मध्ये बंगळुरूत स्थापन केलेल्या ई-गव्हर्न्मेंट्स फाउंडेशनने ते घडवले. डिजिटचा कोड कुणालाही वाचता येतो, उतरवून घेता येतो, बदलता येतो. त्यासाठी परवानगी मागावी लागत नाही आणि परवाना शुल्कही भरावे लागत नाही. अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकाने चंडीगडकडे पाहायचे ते यासाठी, की आपल्या प्रत्येक नगरपालिकेपुढे आज ना उद्या येणारा प्रश्न तिथे आधीच प्रत्यक्षात उतरला आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या सूचनांची लांबलचक संहिता. बंदिस्त सॉफ्टवेअर विकणारी कंपनी ही संहिता गिऱ्हाइकाला देत नाही. चालू स्थितीतला प्रोग्राम आणि तो वापरण्याचा परवाना, एवढेच मिळते. हिशेब तपासणारे छोटे दुकान असेल तर यात फारसे बिघडत नाही. पण महापालिकेची गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे लाखो मालमत्तांच्या नोंदी असतात, त्या पन्नास-पन्नास वर्षे टिकवायच्या असतात, आणि कराचे नियम दर काही वर्षांनी बदलतात. सभागृहाने सवलतीचा नवा ठराव केला की प्रणालीत बदल करावा लागतो. तो करू शकणारी एकच कंपनी असेल, तर त्या बदलाची किंमतही तीच ठरवते. कंत्राटाची मुदत संपली तरी महापालिकेला दुसरीकडे जाता येत नाही, कारण जुन्या नोंदी त्या कंपनीच्या रचनेत अडकलेल्या असतात. घर आपले, पण त्याचा नकाशा गवंड्याकडेच राहिला, अशी ही अवस्था असते. म्हणून ओपन सोर्सची चर्चा 'फुकट मिळते' या मुद्द्यावर सुरू होते तेव्हा ती चुकीच्या टोकाकडून सुरू होते असे मला वाटते. स्थानिक स्वराज्य संस्थेसाठी त्याचे मोल तीन हक्कांत आहे: कोड वाचण्याचा, तो बदलण्याचा आणि काम न जमलेल्या कंत्राटदाराला निरोप देण्याचा.

यातला पहिला हक्क सर्वात कमी चर्चिला जातो, आणि त्याचे महत्त्व समजायला चंडीगडमध्येच एक उदाहरण आहे. ३० जानेवारी २०२४ रोजी चंडीगड महापालिकेत महापौरपदाची निवडणूक झाली. मतमोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि त्यामुळे निकाल फिरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कॅमेऱ्यातले चित्रण पाहिले, मतपत्रिका मागवून घेतल्या, ती आठही मते वैध ठरवली आणि २० फेब्रुवारीला निकाल बदलला. हे शक्य झाले कारण तपासण्याजोगे काहीतरी हाताशी होते. आता करआकारणीचा विचार करा. चटईक्षेत्र, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, निवासी की व्यावसायिक वापर, कोणाला किती सूट, या सगळ्याचा हिशेब आज प्रोग्राम करतो. सभागृहात मंजूर झालेल्या ठरावाचे कोडमध्ये रूपांतर कोणीतरी प्रोग्रामर करतो. त्याने ठरावातली एखादी अट वगळली, अपूर्णांक वरच्या बाजूला पूर्ण केला किंवा सवलतीची तारीख चुकवली, तर हजारो घरांच्या बिलात थोडी थोडी चूक होत राहते आणि ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ठराव सार्वजनिक, बिलही सार्वजनिक, मग दोहोंना जोडणारा दुवाच गुप्त का असावा? लोकांच्या पैशातून आणि लोकांवर कर लावण्यासाठी लिहिलेला कोड लोकांना तपासता आला पाहिजे. लेखापरीक्षकाला, विरोधी पक्षनेत्याला, महाविद्यालयातल्या एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्यालाही.

बंदिस्तपणाची किंमत किती काळ मोजावी लागते हे मराठी माणसाला खरे तर वेगळे सांगायला नको. आपल्या सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षे मराठी मजकूर युनिकोड या सामाईक मानकाआधीच्या फॉन्टमध्ये टाइप होत राहिला. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी निराळी. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसे. शोध घेता येत नाही, यादी लावता येत नाही, एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्याशी जुळवता येत नाही. पंजाबमध्ये गुरुमुखीच्या बाबतीत हेच घडले. तिथेही जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी वेगळी परिवर्तक साधने बनवावी लागली. या दोन्ही लिपींच्या सुटकेत पुण्याचा वाटा आहे. 'लोहित' ही फॉन्टमाला मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवली. रेड हॅट कंपनीने ती २००४ मध्ये मुक्त परवान्यावर सर्वांना खुली केली आणि पुढे तिची निगा राखली. तिच्यात देवनागरी आहे, गुरुमुखी आहे, आणखीही अनेक भारतीय लिपी आहेत. एका शहरात झालेले काम मुक्त परवान्यामुळे दीड हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या लिपीच्या प्रदेशात विनासायास वापरता येते. प्रादेशिक भाषांतून कारभार करणाऱ्या देशात ही फार मोठी सोय आहे, आणि तिची पुरेशी कदर झालेली नाही.

धोरणाची कमतरता आपल्याकडे नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणले. २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण आले आणि बंदिस्त सॉफ्टवेअरच्या तुलनेत मुक्तस्रोताला पसंती द्यावी, निविदेत त्याचा विचार अनिवार्य करावा, असे त्यात नमूद झाले. राज्यांनी ते स्वेच्छेने स्वीकारायचे आहे. चंडीगड मात्र केंद्रशासित आहे, म्हणून तिथल्या प्रशासनावर त्याची जबाबदारी अधिक थेट येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियान सुरू झाले आणि डिजिटच्याच पायावर 'उपयोग' ही शहरांसाठीची प्रणाली राष्ट्रीय नागरी व्यवहार संस्थेने पुढे आणली. कागदावर सारे ठीक आहे. अडचण त्यानंतर येते.

आक्षेप घेणारे पहिले नाव घेतात ते म्युनिकचे, आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. जर्मनीतल्या या शहराच्या परिषदेने २००३ मध्ये पालिकेचे संगणक विंडोजवरून लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर नेण्याचे ठरवले. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, सुमारे १५ हजार संगणकांचे स्थलांतर पुरे झाले. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे शहराने मधल्या काळात जाहीरही केले. तरीही २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. मग ओपन सोर्स फसले का? कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, बाहेरून येणाऱ्या फाइली नीट उघडत नव्हत्या, आणि पालिकेचा माहिती तंत्रज्ञान विभाग अनेक तुकड्यांत विखुरलेला होता. शहराचे राजकीय नेतृत्वही बदलले होते. यातल्या कितीतरी गोष्टींचा लिनक्सशी थेट संबंध नव्हता. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने पुन्हा 'सार्वजनिक पैसा, सार्वजनिक कोड' हे तत्त्व स्वीकारले, हेही सांगितले पाहिजे. मला म्युनिकमधून दिसते ते असे: संगणकासमोर बसलेल्या कारकुनाला विश्वासात न घेता केलेला बदल टिकत नाही, आणि सुरुवात टेबलावरच्या संगणकापासून करणे ही सर्वात अवघड वाट आहे. पंजाबने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. कर्मचारी आणि नागरिक ब्राउझरमधून प्रणाली उघडतात. त्यांच्या टेबलावर विंडोज आहे की आणखी काही, याने फरक पडत नाही. मुक्त आहे तो सर्व्हरवरचा पाया. आपल्या महापालिकांसाठी हीच वाट शहाणपणाची आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. कोड सर्वांना दिसतो, म्हणजे चोरालाही दिसतो, असे म्हटले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या मुक्तस्रोत घटकात गंभीर त्रुटी सापडली आणि जगभरच्या यंत्रणा धोक्यात आल्या, हे खरेच आहे. पण तो घटक असंख्य बंदिस्त उत्पादनांच्या पोटातही होता. तिथे गिऱ्हाइकाला आपल्याकडे तो आहे की नाही हेसुद्धा कंपनीला विचारावे लागले. आणि मे २०१७ मध्ये ज्या वॉनाक्राय या घातक सॉफ्टवेअरने इस्पितळांपासून कारखान्यांपर्यंत सगळ्यांना ओलीस धरले, ते बंदिस्त विंडोजमधल्या त्रुटीतून शिरले होते. त्रुटीची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती, ती अनेकांनी बसवली नव्हती. दोन्ही घटनांत निर्णायक ठरली ती देखभाल. सर्व्हर वेळेवर अद्ययावत ठेवणारा माणूस नसेल, तर कोड उघडा असो वा झाकलेला, तुम्ही असुरक्षितच असता.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो: काही बिघडले तर जबाबदार कोण? कंपनीला नोटीस देता येते, दंड लावता येतो. समुदायाला कोण नोटीस देणार? याचे उत्तर असे की ओपन सोर्स घेतले म्हणून कंत्राटदार नाहीसा होत नाही. प्रणाली बसवणे, प्रशिक्षण, देखभाल यांसाठी पैसे द्यावेच लागतात, आणि ज्याला द्याल तो उत्तरदायी असतो. फरक एवढाच, की तो बदलता येतो. मात्र इथे एक बारीक कलम आहे, ज्याकडे अधिकारी आणि नगरसेवक दोघांचेही लक्ष जात नाही. डिजिटचा परवाना अतिशय उदार आहे. तो घेऊन कुणीही बदल करावेत, आणि ते बदल उघड करण्याचे बंधन नाही. म्हणजे पाया मुक्त असूनही त्यावर कंत्राटदाराने आपल्या शहरासाठी लिहिलेला भाग बंदिस्त राहू शकतो. शिवाय स्थानिक बदल मूळ प्रकल्पात परत गेले नाहीत, तर दर नव्या आवृत्तीबरोबर दोन्ही वाटा एकमेकींपासून दूर जातात, आणि काही वर्षांनी आपण पुन्हा एकाच कंपनीच्या दारात उभे असतो, फक्त फलकावर 'मुक्तस्रोत' लिहिलेले असते. म्हणून निविदेतच लिहून घ्यावे लागते की बदललेला सर्व कोड, त्याचे दस्तऐवज आणि संपूर्ण विदा खुल्या स्वरूपात महापालिकेच्या ताब्यात राहील, आणि बदललेला कोड ठरावीक मुदतीत मूळ प्रकल्पाकडे परत दिला जाईल.

आणि तो कोड वाचणारे कोणीतरी महापालिकेच्या पगारावर असावे लागते. हक्क वापरणारा माणूसच नसेल तर हक्क नावापुरता उरतो. माझ्या मते सारा वाद इथे येऊन थांबतो. परवान्यावर वाचलेला पैसा दुसऱ्या खात्यात वळवायचा नसतो, तो या माणसांवर खर्च करायचा असतो. चार-पाच जाणकार अभियंते मोठ्या महापालिकेला सहज परवडतात. पंचवीस हजार वस्तीच्या नगरपरिषदेला परवडत नाहीत. पंजाबने राज्यपातळीवरच्या एका संस्थेकडे सर्व शहरांचे काम सोपवून यावर तोड काढली. चंडीगडच्या हाताशी तर पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पंजाब विद्यापीठ आहे, शेजारी मोहालीत सी-डॅकचे केंद्र आहे. माणसे मिळत नाहीत ही सबब तिथे चालणार नाही. महाराष्ट्रातही एकाने घडवावे आणि अनेकांनी वापरावे ही कल्पना नवी नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभी संगणकीकृत नागरी सेवा उभ्या केल्या आणि तो नमुना राज्याने इतर शहरांत नेला. त्या वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे विभागीय पातळीवर नगरपालिकांचे सामाईक तांत्रिक कक्ष, ज्यांच्याकडे कोडचा ताबा असेल आणि तो बदलण्याची ताकदही.

आपल्या नगरपालिकेच्या संगणक प्रणालीचे कंत्राट केव्हा संपते, कोड कुणाच्या मालकीचा आहे आणि कंपनी बदलली तर नोंदी कोणत्या स्वरूपात मिळतील, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात साध्या अर्जावर विचारता येतात. वाचकांनी ते विचारावेत, आणि पुढची निविदा निघण्याआधी मिळालेली उत्तरे आपल्या नगरसेवकाच्या हातात द्यावीत.