स्टेशनवर ३५० दिसतं, मग सोल्डर का धरत नाही?

मंडळी, ही आमच्याच चुकीची गोष्ट आहे, म्हणून आम्हीच सांगतो.

३१ जुलैला बंदी संपली, बोटी बाहेर पडल्या. दुसऱ्याच दिवशी आपल्या एका तांडेलाचा निरोप जोडीच्या बोटीकडून आला. व्हीएचएफवर थोडंफार ऐकू येतंय, पण त्याचं बोलणं शेजारच्या बोटीपलीकडे कोणालाच पोचत नाही. हवा बरी होती, जोडीला दुसरी बोट होती, म्हणून निभावलं. रात्री इंजिन बंद पडून चॅनल १६ वर हाक मारायची वेळ आली असती तर काय, हा विचार आमच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

बोट धक्क्याला लागल्यावर अँटेनाच्या केबलचा प्लग काढून बघितला. वरून सगळं ठीक. केबल जरा पिळून ओढली, तर बाहेरची जाळी प्लगमधून सुटून हातात आली. सोल्डर वर गोळ्यासारखा बसला होता, धातूला धरलाच नव्हता. आणि हा प्लग जुलैत आमच्याच शेडमध्ये, आमच्याच टेबलावर लावलेला.

पहिलं खापर काम करणाऱ्या पोरावर फुटलं. तो बिचारा एवढंच म्हणाला, "स्टेशनवर ३५० दाखवत होतं, मी बघूनच धरलं." पोराचं बरोबर होतं. खोटं बोलत होतं ते स्टेशन.

आपलं सोल्डरिंग स्टेशन ९३६ छापाचं, आकडा दाखवणारं. बिट खरंच किती तापलंय हे बघायला महागडं यंत्र लागत नाही, सोल्डर वायरच थर्मामीटरचं काम करते. ६३/३७ ची वायर १८३ अंशाला वितळते. ६०/४० ची त्याच्याच आसपास. शिसं नसलेली वायर मात्र २१७ च्या पुढे, म्हणून आधी रिळावर काय छापलंय ते वाचा. आम्ही बिट साफ करून त्यावर सोल्डरचा पातळ हात दिला, स्टेशन १५० वर ठेवलं आणि दहा-दहा अंशांनी वाढवत गेलो. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबायचं, मग वायर टेकवायची. चांगल्या स्टेशनवर १९०-२०० ला वायर वितळायला हवी. आमच्याकडे आकडा २६० झाला तेव्हा कुठे ती पाघळली. म्हणजे ३५० दिसत होतं तेव्हा बिट तीनशेच्याही खाली असणार.

आता हे कसं होतं? बिटाच्या आत हीटर असतो आणि हीटरमध्येच सेन्सर. आमच्या हँडलमधला सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. थंड असताना साधारण ५० ओहम, तापेल तसा चढत जातो. स्टेशन तेवढे ओहम मोजतं आणि त्यावरून आकडा दाखवतं. त्याला बिट दिसत नाही. वाटेत कुठे गंज चढून जास्तीचे ओहम आले, तर स्टेशनला वाटतं बिट तापलं, आणि ते हीटर बंद करतं. आकडा छान, बिट थंड.

आपली शेड धक्क्यापासून वीस पावलांवर. खारा वारा दिवसरात्र आत. आम्ही मेन स्विच बंद केला, सगळं थंड होऊ दिलं, हँडलचा प्लग काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टीमीटर लावला. ४९ ओहम. वायर हलवली, वाकवली, आकडा हलला नाही. म्हणजे हँडल निर्दोष. मग टॉर्च मारून स्टेशनच्या सॉकेटमध्ये बघितलं, तर आत हिरवा कीट. पुन्हा चालू करून प्लग नुसता बोटाने दाबला तरी आकडा वीस-पंचवीस अंशांनी उड्या मारत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश, एवढ्यावर कीट निघाला. सॉकेटच्या मागचे दोन टाकेही तडकले होते, ते शेजाऱ्यांची सोल्डरिंग आयर्न मागून आणून पुन्हा मारले. (सोल्डरिंग स्टेशन दुरुस्त करायला सोल्डरिंग आयर्न उसनी आणायची, हे हसण्यासारखंच आहे.) त्यानंतर वायर १९५ ला वितळली.

तुमच्या घरी किंवा बोटीवर असं स्टेशन असेल तर एक गोष्ट फार जपा. बाजारात या छापाची हँडलं दोन जातींची मिळतात. एकात आमच्यासारखा ५० ओहमचा सेन्सर, दुसऱ्यात थर्मोकपल, ज्याचा रेझिस्टन्स जेमतेम काही ओहम. थर्मोकपल स्वतः अगदी बारीक व्होल्टेज तयार करतं, ३५० अंशांना साधारण १४ मिलीव्होल्ट. दोन्हींचा पाच पिनांचा प्लग सारखाच बसतो, म्हणून दुकानदार "चालेल" म्हणतो. चालत नाही. थर्मोकपलच्या स्टेशनला दुसरं हँडल लावलं की त्याला बिट कायम थंडच वाटतं, हीटर पूर्ण जोराने चालू राहतो आणि बिट लाल होतं. थर्मोकपलच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी तेच. तापेल तसा आकडा खाली जातो आणि स्टेशन आणखी तापवत सुटतं. नवं हँडल घेताना जुनं सोबत न्या आणि दुकानातच ओहम मोजा.

कधी आकडा खरा असतो, पण उष्णता टोकापर्यंत पोचत नाही. नट सैल झालेला असतो, नाहीतर बिटाच्या आत काळी खपली साचलेली असते. थंड झाल्यावर बिट काढा, खपली झटका, नट हाताने बेताचा आवळा. बिटाचं टोक कानशीने घासू नका. तांब्यावर लोखंडाचा थर असतो, तो गेला की बिट गेलं.

राहिला समोरचा कॅलिब्रेशनचा स्क्रू. खरं सांगायचं तर आमच्यातल्याच कोणीतरी तो आधी फिरवला होता. कीट असताना स्क्रू फिरवला की आज जुळतं, उद्या पुन्हा बिघडतं. आधी दोष काढा, मगच स्क्रूला हात लावा. मल्टीमीटरच्या तापमानाच्या प्रोबने जुळवणार असाल तर आधी तो प्रोब उकळत्या गोड्या पाण्यात धरून बघा. आपण समुद्रकाठचे, आपल्याकडे पाणी १०० लाच उकळतं.

सगळा दोष स्टेशनचाही नाही, हेही कबूल. अँटेनाचा तो पितळी प्लग भरपूर उष्णता ओढून घेतो. ५०-६० वॅटच्या स्टेशनचा तिथे दम निघतो, त्यात वरून पंखा चालू. आता त्या कामाला आम्ही जाड बिटाची १०० वॅटची साधी आयर्न घेतली आहे. बारीक वायरींना स्टेशन.

जून-जुलैत ज्यांनी आमच्याकडून व्हीएचएफचा, जीपीएसचा किंवा दिव्यांच्या वायरिंगचा जोड मारून घेतला, त्यांनी पुढच्या फेरीआधी केबल शेडमध्ये आणून दाखवावी. मल्टीमीटरने बीप दिली म्हणून निर्धास्त राहू नका, आम्ही उघडलेल्या त्या प्लगनेही जुलैत बीप दिली होती. जोड पुन्हा मारून देऊ, पैसे लागणार नाहीत. संध्याकाळी लिलाव आटोपला की टेबलावर कोणीतरी असतंच.