पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर...

वस्तीत महिलांशी आरोग्यावर बोलायला बसलो की एखादी ताई हळूच सांगते, "माझी पाळी दोन वर्षांपूर्वी गेली होती, आता परत आली." बाकीच्या हसतात आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून हा लेख.

सलग 12 महिने पाळी आली नाही म्हणजे ती कायमची गेली, असे वैद्यकशास्त्र मानते. त्यानंतर दिसलेले रक्त म्हणजे पाळी नव्हे. ते एकदाच दिसो, थेंबभर असो की नुसता तपकिरी डाग, डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला होणाऱ्या कर्करोगाचे हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. असा कर्करोग झालेल्या 10 पैकी जवळपास 9 जणींच्या अंगावरून असे अवेळी रक्त जाते. उलट, पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या बहुतेक जणींना कर्करोग नसतो. अस्तर कोरडे पडणे किंवा आत साधी गाठ असणे, अशी कारणे निघतात. पण हे तपासल्याशिवाय कळत नाही.

पाळी चालू असलेल्यांनी दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, एकाएकी खूप जास्त जाणे याकडे लक्ष द्यावे. "पाळी जायच्या वयात असे होतेच" या वाक्याने फार उशीर होतो. पाळी गेल्यावर पाण्यासारखा किंवा घाण वासाचा स्राव, ओटीपोटात सतत दुखणे हीसुद्धा लक्षणे आहेत. जास्त वजन, मधुमेह, पीसीओडी असलेल्या, मूल न झालेल्या, स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या किंवा आई-बहिणीला गर्भाशयाचा वा आतड्याचा कर्करोग झालेल्या महिलांनी अधिक सावध राहावे.

एक गोंधळ नेहमी होतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा वेगळा आजार. पॅप तपासणी त्यासाठी असते. ती चांगली आली म्हणून गर्भाशयाचा कर्करोग नाही असे ठरत नाही. त्यासाठी सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात. पाळी गेलेल्या बाईचे अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसले तर त्याचा छोटा तुकडा तपासतात. हीच बायॉप्सी. निदान तिच्यावरच होते.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांचा प्रश्न राज्यभर गाजला. पोटदुखी, पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला लावल्याचे तेव्हा समोर आले. पाळीमुळे कामाचा खाडा नको, म्हणून त्याही तयार झाल्या. त्या आपल्याच बहुजन समाजातल्या. तेव्हा "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असे कोणी म्हणाले, तर आधी तपासणीचा कागद मागा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. मात्र बायॉप्सीत कर्करोग निघाला तर पिशवी काढणे हाच मुख्य उपचार आहे, तिथे घाबरून दिवस घालवू नका. आजार पिशवीपुरताच असताना सापडला, तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

तरुण मित्रांनो, आई हे मुलाला सांगणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. बहिणीने, वहिनीने विचारावे. तुम्ही रेशनकार्ड आणि आधारकार्ड शोधून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पहिली चौकशी त्यांच्याकडेच करा.