आडनावातली लेखणी

“ताई, मला ते सचिव-बिचीव नको बाई! लिहायचं म्हटलं की हात थरथरतो.” मुरुडच्या कोळीवाड्यात आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. बोलणारी सातवी शिकलेली. मासळीचा महिन्याचा हिशोब तिला तोंडपाठ, पण वहीला हात लावायची नाही.

मी म्हटलं, “थांब, एक गंमत ऐक.”

मैत्रिणींनो, चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, सबनीस ही आडनावं आपण रोज ऐकतो. त्यांतलं ‘नीस’ कुठून आलं? फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठी जिभेवर घासून त्याचं झालं नीस. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा तो चिटणीस. ‘फर्द’ म्हणजे हिशोबाचा कागद, तो लिहिणारा फडणीस. ‘पोतं’ म्हणजे सरकारी खजिना, त्याची नोंद ठेवणारा पोतनीस. फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. सबनिसाकडे गडावरची हजेरी, तर कारखानिसाकडे धान्य-सामानाचा हिशोब. तेव्हाचा कारखाना म्हणजे धुराडं नव्हे, सरकारी कोठार!

“मग एकोणीस पण त्यातलाच का?” एक कॉलेजकन्यका मिश्कीलपणे म्हणाली. नाही गं! तो ‘एकोनविंशती’तून आला, म्हणजे वीसला एक कमी. शेवट सारखा दिसला म्हणून कूळ एक नसतं.

आपल्या जंजिऱ्याचंही या ‘नीस’शी नातं आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते. सिद्दीनं त्यांना ठार केलं, बायको-मुलांना विकायला गलबतातून पाठवलं आणि राजापुरात मुलांच्या मामानं त्यांना सोडवलं, अशी कथा परंपरेनं सांगतात. पुढे बाळाजींचं मोत्यासारखं अक्षर महाराजांच्या नजरेत भरलं. सगळं गेलेल्या पोराला अक्षरानं उभं केलं!

१६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी पदांना संस्कृत नावं दिली. वाकनीस झाले मंत्री आणि सुरनीस झाले सचिव. म्हणजे आपल्या गटाची ‘सचिव’ ही त्या लिहिणाऱ्यांचीच वारस.

फरक एवढाच, की तेव्हा ही पदं पुरुषांची. बायकांना ती आडनावं मिळाली, लेखणी नाही. आजही कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय ते न वाचता आपण सही करतो. “ते बघतील” म्हणतो. मग हप्ता चुकला की सावकार दारात उभा राहतो, तो मात्र आपल्याच.

आमची मैत्रीण गप्प बसली होती. मग तिनं वही ओढून घेतली. तारीख लिहिली, हजर बायकांची नावं लिहिली. जमा रक्कम लिहिताना एकदा खाडाखोड झाली. “चालेल ना, ताई?” तिनं विचारलं.

चालेल की! खाडाखोड करून पुढे लिहिते, तीच खरी ‘नीस’.