साक्षीसाठी वेगळं दार

कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघत बसणं, हीच अनेक साक्षीदारांची खरी परीक्षा. समोर आरोपी, भोवती त्याचे भाऊबंद. धमकी द्यावीच लागत नाही, नजर पुरते. कित्येक साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहण्याआधी इथेच खचतात, आणि मग निकालपत्रात ‘फितूर’ ठरतात.

असुरक्षित साक्षीदारांसाठीची साक्ष केंद्रं हा या व्हरांड्यावरचा उपाय. पीडितेला आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावा, उलटतपासणीचे प्रश्न लेखी न्यायाधीशांकडे द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्येच सांगितलं होतं. दिल्लीत 2012 मध्ये कडकडडूमा न्यायालयात असं केंद्र उभं राहिलं. 2017 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, जिथे पीडित मुलीला बोलता-ऐकता येत नव्हतं, प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत किमान दोन केंद्रं काढण्याचा आदेश झाला. 2022 मध्ये तो जिल्ह्याजिल्ह्यापर्यंत नेला गेला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबरच लैंगिक अत्याचारपीडित, मनोरुग्ण, अपंग आणि जिवाला धोका असलेले साक्षीदारही आले.

अशा केंद्रात मुलगी वेगळ्या दारानं येते. बसायच्या खोलीत खेळणी, रंगखडू, आणि जवळच स्वच्छतागृह. साक्षीची खोली कॅमेऱ्यानं कोर्टाला जोडलेली. तिचा शब्द न् शब्द आरोपीला ऐकू जातो, त्याला आपल्या वकिलाशी बोलताही येतं. फक्त तो तिच्यासमोर येत नाही. पोक्सो कायद्यानुसार वकील प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश तो मुलीला विचारतात. मध्येच ती थकली तर थांबायचं. चारित्र्यावर चिखलफेक चालू द्यायची नाही. यानं बचावाचा हक्क कमी होतो, ही तक्रार मला पटत नाही. साक्षीदाराला घाबरवणं हा बचावाचा हक्क कधीच नव्हता.

पण नुसती खोली बांधून भागत नाही. तारीख कधी, आरोपीला जामीन मिळाला का, हे घरी येऊन सांगणारं कुणीतरी लागतं. पोक्सोच्या 2020 च्या नियमांत त्यासाठी साहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे. मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं बालकल्याण समिती ती नेमते, आणि तपासापासून निकालापर्यंत तिनं सोबत राहायचं असतं. भरपाईसाठी राज्याची 2013 पासूनची मनोधैर्य योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. पोलीस ठाण्यात भेदरून बसलेल्या आईला यातलं काहीच ठाऊक नसतं. फिर्याद नोंदवून घेतानाच, तिनं विचारायची वाट न बघता, हे सगळं तिला तिच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे.