फाईल तयार आहे, आपण तयार आहोत का?

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि घरोघरी कागदपत्रांची धावपळ सुरू होते. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते. सेतू केंद्राच्या रांगेत अब्बा उभे, झेरॉक्सच्या दुकानात मामा. मग प्रवेशाच्या फेऱ्या. पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत बघू, असे करता करता पावसाळा निम्मा सरतो. एके संध्याकाळी मोबाईलवर कॉलेजचे नाव दिसते. पुणे, नाहीतर नांदेड, नाहीतर नागपूर. तिथे जाऊन प्रवेश पक्का करायला हातात मोजके दिवस असतात. त्यातच गादी, बादली, चादरी, फीची जुळवाजुळव आणि गाडीचे तिकीट. सतरा-अठरा वर्षे ज्याला डोळ्यांसमोर वाढवले त्याला निरोप देण्याची तयारी मात्र या यादीत कुठेच नसते. ती आपोआप होईल असे आपण धरून चालतो.

ती आपोआप होत नाही, हे शाळेत मी दरवर्षी पाहते. प्रवेशापर्यंत मुलांसाठी विचारपूस करायला येणारे पालक महिन्याभराने स्वतःबद्दल बोलायला येतात. एक अम्मी म्हणाल्या, "टीचर, भात अजून पाच जणांचाच पडतो पातेल्यात. हात ऐकत नाही." दुसऱ्या एकींना मुलाचे कपाट उघडायचे धाडस होत नव्हते. यात हसण्यासारखे काही नाही.

आमच्या कोकणातल्या मुस्लिम घरांना ताटातूट नवी नाही. पणजोबा बोटीवर खलाशी, आजोबा आफ्रिकेत, वडील कुवेत-सौदीत. दोन वर्षांनी सुट्टीवर येणारा माणूस आणि मधल्या काळात पत्रांवर, पुढे कॅसेटमध्ये भरून पाठवलेल्या त्याच्या आवाजावर जगणारे घर. ज्यांनी हे पाहिले आहे त्या आजी सुनेला म्हणतात, "पुणं ते काय, सकाळी निघालं की दुपारी पोचलं!" पण जाणारा तो माणूस कमावता होता. त्याच्या जाण्याने घर बांधले गेले, बहिणींची लग्ने झाली. त्या विरहाची किंमत घराला दिसत होती. शिकायला निघालेले मूल उलट घरातून पैसे घेऊन जाते, आणि चार वर्षांनी काय घेऊन येईल हे कोणालाच सांगता येत नाही.

मुलीचे आणखी वेगळे. आपल्या घरातून मुलगी आजवर एकाच प्रसंगी बाहेर पडत आली, रुखसतीला. त्या निरोपाला रीत आहे. घर पाहुण्यांनी भरलेले असते, मुलीच्या डोक्यावर कुरआन धरतात, आई रडली तर चार बायका तिला सावरतात. वसतिगृहाला निघालेल्या मुलीसाठी काहीच रीत नाही. पहाटेची एस.टी., एक बॅग, एक बादली आणि शेजारणीचा प्रश्न, "एवढ्या लांब कशाला? इथे कॉलेज नव्हते का?" आईला रडायचीसुद्धा चोरी. ती रडली तर लोक म्हणणार, बघा, तिचेही मन नव्हतेच.

२०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. फीचे कारण ज्या घरांत संपले तिथे आता खरे कारण उघडे पडते. मन तयार नाही. हे म्हणण्यात कमीपणा नाही. पण ते सरळ म्हणावे. नाहीतर ते 'जमाना खराब आहे' या वाक्यामागे लपते आणि मुलीला वाटते, अम्मी-अब्बांचा माझ्यावरच विश्वास नाही. मेहरमशिवाय प्रवासाचा आणि बाहेर राहण्याचा प्रश्न ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो विश्वासातल्या आलिमांना अकरावीतच विचारून घ्यावा. कॉलेज मिळाल्याचा मेसेज आल्यावर हा विषय काढणे म्हणजे मुलीची दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत टांगणीला लावणे.

सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या आईची हकीकत आहे. बाळाला नदीत सोडण्याचा हुकूम आणि ते परत मिळेल हे अल्लाहचे वचन, दोन्ही त्या माऊलीपाशी होते. तरीही बाळ गेल्यावर तिचे काळीज रिते झाले. अल्लाहने तिचे मन घट्ट केले नसते तर तिने सगळे उघड करून टाकले असते, असे कुरआनात आले आहे. म्हणजे खुद्द अल्लाहचे वचन मिळालेल्या आईचेही काळीज रिते झाले होते. तेव्हा मुलाच्या रिकाम्या पलंगाकडे पाहून डोळे भरून येणाऱ्या अम्मीला कोणी 'तवक्कुल कमी पडते तुझे' म्हणू नये.

त्या आईने पुढे जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिने आपल्या मुलीला सांगितले, त्याच्या मागावर राहा. ती बहीण बाजूने, लांबून, कोणाला कळू न देता पाहत राहिली. बाळ कोणत्याच दाईचे दूध घेईना तेव्हा ती पुढे झाली आणि बोलली. आईने हात सोडला होता, नजर सोडली नव्हती. आणि ती नजर त्रास देणारी नव्हती.

हे लांबून पाहणेच आज अवघड झाले आहे, कारण आपल्या हातात फोन आहे. सकाळी 'उठलीस का', दुपारी 'जेवलीस का', मगरीबनंतर 'व्हिडिओ लाव, खोली दाखव, मागे कोण बोलतंय?' लाइव्ह लोकेशन चोवीस तास चालू. यामागे माया आहे हे मुलांनाही कळते. पण दोन-तीन आठवड्यांत मूल एक कला शिकते, आईला ऐकायचे असते तेवढेच सांगण्याची. ताप आला तर सांगत नाही, कारण सांगितले तर अम्मी रात्रभर जागून दर तासाला फोन करणार. चाचणीत नापास झाले तर सांगत नाही, कारण अब्बा दुसऱ्या दिवशी गाडी पकडणार. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या सुट्टीत भेटायला आली. म्हणाली, "टीचर, मी अम्मीला रोज सगळं सांगते. फक्त जे झालेलं असतं ते सोडून." ती हसत होती. मला हसू आले नाही.

फोनची वेळ निघण्यापूर्वी दोघांनी मिळून ठरवावी. इशानंतर एकदा, आणि तोही मुलाने करावा. अडचण आली तर रात्री दोन वाजताही. 'जेवलास का' जरूर विचारावे, आपल्याकडे मायेची ती भाषाच आहे, पण तिथेच थांबू नये. आणि त्या शहरात 'बहिणी'ची जागा घेणारे एक माणूस शोधून ठेवावे. पुण्यातली खाला, गावचाच दोन वर्षे पुढचा विद्यार्थी, अब्बांचे जुने स्नेही, कोणीही. त्याचे काम चहाड्या पोचवण्याचे नाही. मूल आजारी पडले तर पाऊण तासात पोचण्याचे आहे. हे त्या माणसालाही आणि मुलालाही आधीच स्पष्ट सांगावे.

खरी तालीम बारावीच्या वर्षात, निदान परीक्षा संपल्यावरच्या दोन महिन्यांत व्हायला हवी. महिन्याचे पैसे एकदम मुलाच्या खात्यावर टाकून पाहा. वीस तारखेला संपले तर उरलेले दहा दिवस त्याला काढू द्या. हे घरात परवडते, परक्या गावात नाही. डॉक्टरकडे एकट्याने जाऊ द्या, केसपेपर काढण्यापासून. मुलींना स्वयंपाक, धुणे, शिवण थोडेफार येत असते. आपले साहेबजादे मात्र वसतिगृहात पोचल्यावर साबणाची वडी कुठल्या बाजूने धरायची हे विचारायला फोन करतात, आणि त्यात दोष त्यांचा नसतो.

फज्रचे काय, हा आयांचा सर्वात मोठा घोर. घरी अम्मी उठवते, तिथे कोण उठवणार? एका घरातली युक्ती मला फार आवडली. तिथे रमजाननंतर मुलाला सांगितले गेले की आजपासून घरादाराला फज्रला उठवण्याचे काम तुझे. पहिल्या आठवड्यात दोन दिवस घरातल्या सगळ्यांचीच फज्र कजा झाली. त्याचे वाईट त्या मुलाला वाटले, कोणी रागावण्याची गरज पडली नाही. जूनपर्यंत तो आजोबांच्या वजूचे पाणी गरम करून मग त्यांना हाक मारू लागला होता.

बापाचे दुखणे निराळे. तो फी, भाडे आणि बॅगेचे वजन यांवर बोलतो. वसतिगृहाच्या दारात 'पैसे आहेत ना?' एवढेच विचारतो आणि वळतो. आखाती देशात असलेल्या वडिलांना तर तेही फोनवरच करावे लागते. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलै.) मुलाला पाठवण्याआधीच सांगतात की त्याच्या जाण्याने मला दुःख होईल आणि लांडग्याची भीती वाटते. पुढे विरहात त्यांचे डोळे पांढरे झाले. घरच्यांनी टोकले तेव्हा आपले गाऱ्हाणे आपण अल्लाहपुढेच मांडतो असे ते म्हणाले. एक पैगंबर आपली भीती मुलांना बोलून दाखवतात. आपल्याकडच्या अब्बांना 'तुझी आठवण येईल' हे तीन शब्द का जड जावेत?

एका भीतीबद्दल मात्र आपण घरात दबक्या आवाजात बोलतो. नाव सांगितल्यावर भाड्याची खोली 'आत्ताच गेली' तर? हिजाब पाहून कोणी काही बोलले तर? मुलाने रागाच्या भरात एखादा मेसेज पुढे पाठवला तर? ही भीती हवेतून आलेली नाही. पण निघण्याच्या आदल्या रात्री तासभर तीच मुलाच्या कानात ओतली, तर ते प्रत्येक चेहऱ्याकडे संशयाने बघत वर्गात शिरते. त्याऐवजी कामाच्या गोष्टी सांगाव्यात. बाहेर खोली शोधायची वेळ आली तर आधी कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज, मग ओळखीतून. राजकीय मेसेज वाचावेत, पुढे पाठवू नयेत. रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून लागू आहेत आणि त्यानुसार विद्यार्थ्याबरोबर पालकांकडूनही हमीपत्र घेतले जाते. आपण त्यावर न वाचता सही करतो. ते मुलाबरोबर बसून वाचावे, तक्रार कोणाकडे करायची हे त्याला कळेल. आणि खोलीतली दुसरी मुलगी पाटील असो की कांबळे, तिची आईही आपल्या लेकीला अनोळखी गावात ठेवूनच परतलेली असते. दोघी आयांनी एकमेकींचा नंबर घेऊन ठेवला तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

वसतिगृह ही आपल्या समाजाला परकी गोष्ट नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, तेव्हाही खेड्यापाड्यांतल्या आई-बापांनी मुले पाठवलीच की. त्याहून खूप आधी इमाम बुखारी (रह.) सोळा वर्षांचे असताना आई आणि भावाबरोबर हजला गेले. वडील लहानपणीच वारलेले. हज झाल्यावर आई थोरल्या मुलाबरोबर बुखाऱ्याला परतली आणि धाकटा इल्मसाठी मक्केत मागे राहिला. महिनोन्महिन्यांची वाट, खुशाली कळण्याची सोय नाही. सहीह बुखारीचे नाव आपण सगळे घेतो, त्या परतीच्या वाटेवरच्या विधवा आईबद्दल क्वचितच बोलतो.

वर म्हटले की या निरोपाला रीत नाही. ती आपण घालू शकतो. प्रवासाला निघणाऱ्याला निरोप देताना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्याचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कर्मांचा शेवट अल्लाहच्या हवाली करीत. ही दुआ आई-वडिलांनी पाठ करून, मुलाचा हात हातात घेऊन म्हणावी. त्यासाठी निघण्याच्या घाईतली दहा मिनिटे राखून ठेवावीत. हदीसमध्ये तीन दुआ हमखास कबूल होणाऱ्या सांगितल्या आहेत, मजलूमाची, मुसाफिराची आणि आपल्या लेकरासाठी बापाची. त्यातल्या दोन दुआ मागणारे त्या सकाळी एकाच उंबरठ्यावर उभे असतात. मुलालाही सांगावे, गाडी सुटली की तू आमच्यासाठी दुआ माग, तू आता मुसाफिर आहेस.

मूल गेल्यावर घरात धाकटे भावंड उरते आणि अम्मीची सगळी नजर एकट्या त्याच्यावर येते. नववीतली एक मुलगी मला म्हणाली, भाईजान गेल्यापासून माझा अभ्यास दोन माणसांचा झालाय. याकडे लक्ष असू द्यावे. पहिल्या सुट्टीत मूल घरी येते आणि दोन दिवस नुसते झोपते, आईने मनात साठवलेल्या गप्पा तशाच राहतात. त्याला झोपू द्यावे. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहते.

उरतो ईदचा प्रश्न. कॉलेजांना ईदची सुट्टी बहुधा एकच दिवस असते, आणि चंद्र काही परीक्षेचे वेळापत्रक पाहून दिसत नाही. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवावी. तरीही एखाद्या वर्षी ईदच्या दुसऱ्याच दिवशी पेपर निघतो. तसे झाले तर मुलाला परीक्षा सोडून ये म्हणू नये. शीरखुर्म्याचा मोठा डबा भरावा, धाकट्याला बरोबर घ्यावे आणि आपणच जावे. डबा जरा मोठाच असावा, वसतिगृहात खाणारी तोंडे पुष्कळ असतात.