मोटार : कालची आणि आजची

जुन्या मोटारींविषयी लोकांच्या मनात एक प्रकारचे कौतुक असते. जाड पोलादी पत्रा, चकाकणारे दिवे आणि ऐसपैस बैठक पाहिली, की ‘पूर्वीच्या गाड्याच खऱ्या मजबूत’, असे उद्गार सहज निघतात. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणतात. अशी गाडी आणि आजची गाडी यांत नेमका फरक कोणता?

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. तिचे इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचे होते आणि तिचा कमाल वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटर होता. आरंभीच्या काळात गाडी सुरू करण्यासाठी समोरचे लोखंडी हँडल हाताने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हात मोडण्याची भीती असे. गाडीला तीन पेडल होती. पण डावे गिअरसाठी, मधले गाडी मागे नेण्यासाठी व उजवे ब्रेकसाठी होते. वेग कमीअधिक करण्याची दांडी स्टिअरिंगच्या चाकाखाली असे. पेट्रोलची टाकी बहुधा बैठकीखाली असे आणि पंप नसल्याने पेट्रोल केवळ उताराने इंजिनाकडे वाहत येई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ लागला, तर चालक गाडी उलटी करून तो चढत असत.

आजची मोटार किल्लीने वा कळ दाबताच सुरू होते. इंजिनाला किती इंधन द्यावयाचे, हे संगणकीय यंत्रणा ठरविते. एकाएकी ब्रेक दाबला तरी चाके जखडून गाडी घसरू नये, अशी योजना तिच्यात असते. धुरातील घातक वायूंवरही निर्बंध आले असून, भारतात एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज ६’ ही मानके लागू झाली.

परंतु सर्वांत महत्त्वाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसंबंधीच्या एका विमासंस्थेने २००९ साली एक प्रयोग केला. १९५९ ची ‘शेव्हरोले बेल एअर’ आणि २००९ ची ‘शेव्हरोले मालिबू’ या गाड्यांची ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर टक्कर घडविण्यात आली. दोहोंत चालकाच्या जागी पुतळे होते. जुन्या गाडीची बैठकीची जागाच चेपली गेली. तिच्यात माणूस असता, तर त्याचा जीव वाचणे कठीण होते. नव्या गाडीचा दर्शनी भाग चुरडला, पण बैठकीची जागा शाबूत राहिली.

असे का झाले? धावत्या गाडीत मोठी ऊर्जा असते व टक्कर होताच ती कोठेतरी खर्च व्हावी लागते. आधुनिक मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चुरडला जाईल असा घडविलेला असतो. तो चुरडताना ऊर्जा शोषून घेतो. मधला सांगाडा मात्र बळकट असतो. त्याच्या जोडीला पट्टा आणि एअरबॅग माणसाला सावरतात. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा आजचा तीनबिंदू पट्टा स्वीडनचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये ‘व्होल्वो’ कंपनीसाठी तयार केला. कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला.

जुन्या गाडीचेही काही गुण होते. तिची रचना सोपी असल्याने मोजक्या हत्यारांनी ती घरीच दुरुस्त करता येई. आजच्या गाडीतील बिघाड शोधण्यासाठी अनेकदा संगणक जोडावा लागतो. जुनी मोटार हा जपण्याजोगा वारसा आहे, यात शंका नाही. तथापि मोटारीची खरी मजबुती पत्र्याच्या जाडीवर नव्हे, तर अपघातात आतील माणूस किती सुरक्षित राहतो, यावर ठरते. अर्थात ही सारी योजना पट्टा बांधणाऱ्यालाच पुरती उपयोगी पडते.