छातीचें दुखणें आणि रक्ताचा दोष

छातींत कळ आली कीं आपण फुप्फुसांवर संशय घेतों. परंतु शरीर हें एकत्र कुटुंबासारखें आहे. एकाच्या दुखण्याची झळ दुसऱ्यास लागते. त्यांतून अंगांतील सर्व रक्त फुप्फुसांतून फिरून जातें. म्हणून रक्ताचा दोष तेथें सहज पोंचतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार.

निरोगी तांबडी रक्तपेशी वाटोळी व लवचीक असते. ह्या विकारांत प्राणवायू कमी पडतांच ती विळ्यासारखी वांकते व ताठर बनते. १९१० सालीं अमेरिकेंत डॉ. जेम्स हेरिक ह्यांनीं अशा पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. ह्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या कीं हातपाय ठणकतात. कधीं हाडांतील मगजाचे चरबीचे कण सुटून रक्ताबरोबर फुप्फुसांत जातात. तेथें रक्तप्रवाह खुंटला कीं प्राणवायू घटतो. तो घटला कीं आणखी पेशी वांकतात. हें दुष्टचक्र पाहतां पाहतां जिवावर बेततें.

माझ्या वर्गांत जंगलभागांतून आलेला एक मुलगा होता. पाय दुखतात म्हणून तो कवाईत टाळी. मीं त्यास आळशी ठरवून अंगठे धरून उभें केलें. पुढें एका पावसाळ्यांत ताप व धाप लागून त्यास रुग्णालयांत न्यावें लागलें, तेव्हां रक्तपरीक्षेंत खरें कारण कळलें. तो वांचला, परंतु अज्ञानानें केलेल्या त्या शिक्षेची टोचणी मला अद्याप आहे.

म्हणून सिकलसेल असलेल्या मुलास ताप, छातींत कळ वा धाप ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास घरगुती काढ्यांत वेळ न दवडतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. तेथें प्राणवायू, प्रतिजैविकें व जरूर तर रक्त देतात. हायड्रॉक्सीयुरिया हें औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं नियमित घेतल्यास असे प्रसंग कमी येतात.

हा दोष आदिवासी समाजांत अधिक आढळतो; तथापि विदर्भांतील इतर समाजहि त्यापासून मुक्त नाहींत. ज्यास तो एकाच पालकाकडून आला, तो वाहक. असा मनुष्य बहुधा धडधाकट असतो. म्हणून रक्त तपासल्यावांचून कांहीं कळत नाहीं. मातापिता दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. २०२३ सालीं केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली. विवाहापूर्वीं पत्रिका पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं वधूवरांची रक्तपरीक्षाहि करवून घ्यावी, एवढीच विनंती.